प्लॅटिनमची तार

१२ मे, सोमवार

प्रयोगशाळेत माझ्यानंतर आलेल्या ग्युजिनच्या भुकटीने आज पुन्हा विक्रम केला! कार्बनवर निकेलचा एकेक अणू सुटा सुटा बसवलेला, आणि मिठाच्या पाण्यातून क्लोरीन असा काढतो की महागडं प्लॅटिनम झक मारतं. आमचे प्रमुख ताकसर सगळ्यांदेखत म्हणाले, "याला म्हणतात हात!" म्हणाले माझ्याकडे बघून. याला शिकवलं कोणी? मी. कोबाल्टचे अणू असेच बसवून डॉक्टरेट मिळवली कोणी? मी. आणि इथल्या, उल्सानच्या विद्यापीठातली एकुलती एक कायमची जागा आता याला!

१३ मे

त्याच्या मानाचं जेवण. डुकराची भाजलेली आतडी. दोन्ही हातांनी बाटली धरून मला सोजूची दारू ओतत होता — "ताई, सगळं तुमच्यामुळेच हो." शी! इतकं गोड बोलणारा माणूस बघितला की मळमळतं. त्यापेक्षा आतडी बरी.

१५ मे

इथला शिक्षक दिन. सरांच्या कोटावर फूल टाचलं ग्युजिननेच. आणखी कोण टाचणार!

१६ मे, शुक्रवार

सापडला! आकडे फारच देखणे वाटले, म्हणून त्याचा प्रयोग मी गुपचूप पुन्हा लावला. भुकटी त्याचीच, पाणी तेच. बदल एकच — समोरच्या टोकाला आम्ही प्लॅटिनमची तार लावतो, तिथे कार्बनची कांडी लावली. क्लोरीन जवळजवळ शून्य! सुरुवातीला भुकटी जागी करायला आम्ही विजेचा प्रवाह उलटसुलट फिरवतो ना, तेव्हा तार झिजते आणि तिचं प्लॅटिनम भुकटीवर जाऊन बसतं. काम प्लॅटिनमचं, नाव निकेलचं. आयत्या बिळावर नागोबा!

सोमवारच्या बैठकीत सांगणार. सगळ्यांसमोर.

१९ मे, सोमवार

आलेख पडद्यावर लावला. सरांचा चेहरा उतरला. "तुला ठाऊक होतं का रे हे?"

ग्युजिन मान खाली घालून उभा. "नाही सर. चूक माझी."

बस्स, एवढंच! भुकटीवरचा त्याचा छापलेला लेख मागे घ्यायचं ठरलं, जागाही गेली त्याची. वाटलं होतं, मला बरं वाटेल. बाहेर येऊन कमरेत वाकून नमस्कार केला त्याने — मला! लोचट कुठला.

२० मे

माझ्या प्रबंधातही समोर तारच होती. तेव्हा सगळेच तार लावायचे. पण माझं कोबाल्ट वेगळं आहे. आहेच!

कांडी हातात घेतली आणि परत खणात ठेवली.

२१ मे

ग्युजिन सामान घेऊन गेला. प्रयोगांची वही मागे राहिली. त्याची आणखी लबाडी सापडेल म्हणून उघडली.

४ मार्चचं पान. "कार्बनची कांडी. ताईंचं कोबाल्ट. तीनदा करून पाहिलं. क्लोरीन नाही."

खाली बारीक अक्षरात — "बोललो तर ताईंची पदवी जाईल. मीही तारच लावतो."