रनाळ्याला पोचलेलं कार्ड

नाना,

तुम्हाला जाऊन सहा वर्षं होत आली. आई तुमच्यामागे वर्षभरात गेली. लढाईमुळे रॉकेल मिळत नाही, म्हणून उजेड आहे तोवर ओट्यावर बसून लिहिते आहे. दिवसभरात बोलणं होतं ते भाजीवालीशी, तेही भावापुरतं. आज तुमची टिपणं काढून वाचली आणि वाटलं, तुमच्याशीच बोलावं.

एकोणिसाव्या वर्षी मी विधवा होऊन माहेरी आले, तेव्हा आत्या म्हणाली होती की हिला आता चारचौघांत आणू नका. मी चुलीपुढे बसून राहायची. महिनाभरानं एका संध्याकाळी तुम्ही शाळेतून आलात, कोटही न काढता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिलात आणि म्हणालात, "या घरात अक्षर तुझं चांगलं आहे. उद्यापासून माझी टिपणं तू उतरवायची." पुण्याच्या तुमच्या कॉलेजच्या वार्षिकात दिवंगत माजी विद्यार्थ्यांविषयी चार-चार ओळी छापून येत आणि आपल्या भागातल्यांची माहिती गोळा करून तुम्ही पाठवत होतात. कुणी पाटबंधाऱ्यावर इंजिनियर झालेला, कुणी नवापूरच्या जंगलात नोकरी करता करता हिवतापानं गेलेला. मी न पाहिलेल्या माणसांची शिक्षणं, हुद्दे आणि बदल्या लिहीत बसायची. आत्याला ते अभद्र वाटे. मला मात्र त्या कामानं सकाळी उठायला कारण दिलं. ही गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही.

रनाळ्याचे वकील वारल्याचं आपल्याला दोन महिन्यांनी कळलं. कॉलेजात ते आणि तुम्ही एका खोलीत राहिलात, हे आईकडून ऐकलं होतं. त्यांनी धुळ्याची चांगली चाललेली वकिली सोडली आणि गावी येऊन शेती धरली, तेव्हापासून तुमचं बोलणं बंद होतं, हेही तिनंच सांगितलेलं. तुम्ही बैलांची दमणी ठरवलीत आणि मला चल म्हणालात. आत्या आडवी आली, तरी तुम्ही मला दमणीत बसवलंत.

मला ती ओसरी अजून दिसते. वकिलीणबाई खांबाला टेकून बसल्या आहेत, तुम्ही घोंगडीवर, मी तुमच्या मागे वही घेऊन. तुम्ही विचारता, पदवी कोणत्या वर्षी, वकिली किती वर्षं. त्यांना त्यातलं काही ठाऊक नाही. त्या सांगतात की धुळ्याला असताना गावचे लोक हातात कागद घेऊन येत, अंगठा उठवून झाल्यावर. मग हे म्हणाले, अंगठ्याच्या आधी कागद वाचणारा कुणी गावातच हवा. म्हणून परत आले. रोज दुपारी याच ओसरीवर माणसं बसत आणि हे एकेकाचा कागद वाचून दाखवत. आसपासच्या गावांतूनही माणसं येत.

मग त्या उठून आत गेल्या आणि एक कार्ड घेऊन आल्या. वकील गेल्यावर आठ दिवसांनी आलेलं, कुणाला न दाखवता ठेवलेलं. मी विचारलं, इथल्या शाळेच्या मास्तरांकडून वाचून का नाही घेतलंत? त्या म्हणाल्या, "आख्खा गावना कागद त्यास्नी वाचात. त्यास्ना कागद मी कोनाकडे लई जाऊ?"

कार्ड त्यांनी माझ्या हातात दिलं. अक्षर तुमचं होतं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान खाली घातली होती, पण थांब म्हणाला नाहीत, म्हणून मी वाचलं. "तू वकिली सोडलीस तेव्हा मी तुला नादान म्हणालो. तुला जमलं ते मला जमलं नसतं, याचा तो राग होता. एकदा ये, नाहीतर मी येतो."

वकिलीणबाईंनी कार्ड माझ्या हातातून परत घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "उशीर व्हयना, मास्तर." आणि आम्हाला भाकरी खाऊन जायला लावलं. तुम्ही पान स्वच्छ केलंत.

घरी येऊन तुम्ही सांगितलेला मजकूर असा होता : बी.ए., एल्एल्.बी., काही वर्षं धुळे येथे वकिली, नंतर शेती. मी म्हणाले, ते लोकांचे कागद वाचत, हे लिहायला हवं. तुम्ही माझ्यावर कधी नव्हे ते ओरडलात. वार्षिकात हुद्दे छापतात, गोष्टी नाही, जास्त शहाणपणा करू नकोस. तुम्ही सांगितलंत तेवढंच मी उतरवलं. पण पोस्टात टाकण्याआधी मी एक ओळ वाढवली : 'गावातील निरक्षर लोकांचे कागद ते अखेरपर्यंत वाचून दाखवीत.' ती छापून आली. अंक तुम्ही उघडलात, तेव्हा मी दाराआड उभी होते. तुम्ही ते पान वाचलंत, चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा वाचलंत. मला काही विचारलं नाहीत. त्या आठवड्यात मात्र तुम्ही अंक घेऊन एकटेच रनाळ्याला जाऊन आलात.

तुमच्याविषयी चार ओळी लिहायला आता मीच उरले आहे. हुद्दा काय लिहायचा, ते सोपं आहे. तीस वर्षं एकाच शाळेत मास्तर. पुढची ओळही मला सुचलेली आहे. तरीही मी त्या पाठवलेल्या नाहीत, आणि हे पत्र तर कुठे पाठवायचं? खरं सांगायचं तर तुम्ही गेल्याचं मी कॉलेजला अजून कळवलंच नाही. वार्षिक दर वर्षी तुमच्याच नावानं येतं. पोस्टमन नवा आहे, त्याला काही माहीत नाही. तो दारात उभा राहून तुमचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचतो, आणि मी आतून म्हणते, "आहेत, ठेवा ओट्यावर."