वहिनीच्या वाट्याचा धूर

लातूर, ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
कुसुमचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू कमी येतं, मग तू ओरडतोस आणि घरातली गोष्ट अख्ख्या गावाला कळते. म्हणून हे पत्र.

संक्रांतीला भोकरला आले तेव्हा पाहिलं, भाकरी थापता थापता वहिनी तीनदा बाहेर जाऊन खोकल्या. चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या, आणि उरलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग तू शेतात पेटवलेला. आत धूर, बाहेर धूर. सोबत पेपरातलं कात्रण आहे. हवेतल्या धूर-धुळीनं आपल्या भागातल्या माणसाचं आयुष्य काही वर्षांनी कमी होतंय, असं त्यात लिहिलंय. घरात गॅस आहे, पण तू तो पाहुण्यांसाठी राखून ठेवलास. शेगडीवर टॉवेल अंथरलेला. हळदीकुंकू वाहायचं तेवढं राहिलंय. गॅसवरच्या भाकरीला चव नसते हे तुझं म्हणणं मला पाठ आहे.

जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे न विचारता सांगायची सवय जात नाही. वहिनींना इकडे पाठव. छातीच्या डॉक्टरांना दाखवू.

रागावलास तरी चालेल, माया मात्र पातळ करू नकोस.

तुझी धाकटी,
कुसुम

*

भोकर, ता. ११ फेब्रुवारी

चि. सौ. कुसुमला अनेक आशीर्वाद.

कात्रण दोनदा वाचलं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हाय, जन्मापासून धुरात हाय. म्हंजे माझे वर्षं कधीचेच कापले गेले, तरी मी चालून राहिलो. धूर नसता तर आज मी ऐंशीच्या वर असतो का? तेवढं म्हातारं व्हायची मला घाई न्हाई.

लातुरात तरी कोणी अत्तर शिंपडून ठेवलंय? तुझ्या दारावरून दिवसभर ट्रक जातात. आमचे दाजी उद्धवराव सकाळी फिरायला निघतात ते दरोडेखोरावानी तोंड बांधून.

शेजारच्या निवृत्तीला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, चुलीपुढं बसल्यावर माणूस खोकणारच, खामखा फिकीर करू नका. मलाही पटलं. तरी तुझं मन मोडू नये म्हणून नांदेडहून सुदर्शन येईल अन् सोमवारी आईला तुझ्याकडं सोडील. आठ दिवसांत माघारी लावून दे. चूल मला येत न्हाई.

उद्धवरावांना नमस्कार. माया हाय तेवढीच हाय, पातळ-घट्ट काही न्हाई.

हणमंतराव

*

लातूर, ता. २० फेब्रुवारी

सुदर्शनच्या बाबांना तुळजाबाईचा नमस्कार.

सांगून राहिले मी, लिहितात कुसुमताई.

डॉक्टरांनी मला एका नळीत फुंकायला लावलं. तीनदा फुंकलं. मग त्यांनी विचारलं, आजी, विडी किती वर्षं ओढता? मला असा राग आला, मी उठूनच उभी राहिले. ताईंनी हात धरून बसवलं. मग ते म्हणले, विडी नसंल तर चूल आहे. पन्नास वर्षांच्या चुलीनं छातीची वाट अरुंद केली. औषधानं बरं वाटंल, पण परत धुरात बसलात तर औषध काही कामाचं न्हाई.

माझे किती वर्षं गेले, असं मी विचारलं. त्यांनी औषधाची चिठ्ठी पुढं सरकवली.

तुम्हाला वर्षं नको असतील तर तुमची मर्जी. मला पाहिजेत. आपल्या नातीला, पुनमच्या लेकीला, दवाखान्यात डॉक्टर म्हणून बसलेली बघायचीय, अन् ती आत्ता दुसरीत हाय. घरातली चूल अन् शेतातला जाळ बंद झाल्याबिगर मी येत न्हाई. मुरमुऱ्याचा डबा फळीवर हाय. जपून राहा.

तुळजाबाई

*

भोकर, ता. ३ मार्च

सौ. तुळजाबाईस अ. उ. आ.

मुरमुरे चार दिवसांत सरले. मग हट्टानं चूल पेटवली. एवढा धूर झाला की निवृत्ती पाण्याची बादली घेऊन पळत आला, अन् विचारायच्या आधी अर्धी माझ्यावर ओतली. भाकरी मी खाल्ली न्हाई. म्हशीनंही हुंगून सोडली.

डोळे पुसत तुझ्या पाटावर बसलो तेव्हा मागची भिंत दिसली. पन्नास वर्षांत मी तिथं कधी बसलोच नव्हतो. भिंत सगळी कोळशावानी काळी, पण तू पाठ टेकतीस तेवढी जागा पांढरी हाय. तुझ्या पाठीएवढीच. तिथला धूर कुठं गेला ते कोणी सांगायची गरज पडली न्हाई.

चूल फोडली. राहिलेल्या पऱ्हाट्या ट्रॅक्टरच्या यंत्रानं बारीक करून मातीत घातल्या; निवृत्तीनंही घातल्या, पण बादलीचं नाव काढू नका म्हणतो. गॅस मीच पेटवला, हातभर लांब काडी धरून. गॅसवरच्या भाकरीला चव असती. माझ्या हाताला न्हाई.

भिंत तशीच ठेवलीय, तू बघावी म्हणून. कुसुमला सांग, तिचं खरं होतं. ये.

हणमंतराव

*

लातूर, ता. ८ मार्च

सुदर्शनच्या बाबांना नमस्कार.

ताईंनी तुमचं पत्र वाचायला घेतलं अन् मधीच थांबल्या. बाकीचं उद्धवरावांनी वाचलं.

डॉक्टर म्हणले, औषध आता जन्मभर घ्यायचं. मी म्हणलं चालतंय, जन्म तेवढा लांब करा. पुढच्या रविवारच्या गाडीनं येते.

भिंतीला चुना मारून ठेवा. तशीच ठेवलीत तर गाव बघायला येईल, अन् सगळ्यांना चहा मलाच करावा लागंल. पहिला कप मात्र तुमच्या हातचा.

ती हातभर काडी टाकून द्या, पेटत पेटत हातावर येईल. गॅस कसा पेटवायचा ते आल्यावर दाखवते.

तुळजाबाई