मोट की बॅटरी

रोहिणखेड, नोव्हेंबर १९६२

तीर्थरूप मामा, शेषरावचा दंडवत घ्यावा. मामींचा गुडघा आणि तुमचा खोकला या दोघांची खुशाली कळवावी. आम्ही सगळे बरे आहोत, फक्त रेडिओ बरा नाही.

त्याची बॅटरी दिवाळीपासून कुरकुरते आहे. वायर अंगठ्याने दाबून धरली तर रेडिओ बोलतो, अंगठा हलला की मुका. (बॅटरी उन्हात ठेवली, चुलीपाशी शेकली. तुमची भाचेसून वच्छला म्हणाली, आता तिले काढा पाजा.) नवी घ्यावी तर इकडे विहिरीवरच्या मोटेची सोंड फाटलेली आणि मिरची पाण्यावाचून माना टाकून राह्यलेली. हाताशी पैसे एकाच वस्तूपुरते. माझं मत मोटेकडे होतं. पण शेजारच्या सत्यभामाबाईंचा मुलगा अर्जुन फौजेत, तिकडे चीनच्या आघाडीवर, आणि लढाई लागल्यापासून त्याची चिठ्ठी नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी बातम्यांना त्या आमच्या ओट्यावर, आणि मी वायरीवर.

परवा बातम्या सांगणारा म्हणाला, "बर्फात लढणाऱ्या आपल्या जवानांना..." आणि नेमका तेव्हाच माझ्या मानेला मुंगळा चावला! अंगठा सुटला. मग दोन्ही अंगठे लावले, पण रेडिओ हूं की चूं करेना.

"काय झालं जवानाइले?" सत्यभामाबाईंनी विचारलं. "सांग ना रे शेषराव, काय म्हने थो?"

वच्छला माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "आता मोट सांगन काय बातम्या?"

बाई रात्री जेवल्या नाहीत. पहाटे मी बैलगाडी जुंपली आणि त्यांना धामणगाव बढ्याला नेलं, तिथल्या पंजाबराव दुकानदाराच्या रेडिओपाशी. वाटेत मी भीतीपोटी बैलांशीच बडबडत होतो. दुकानात बातम्या लागल्या. लढाईचं सगळं सांगून झालं, आणि शेवटी तेच वाक्य आलं. "बर्फात लढणाऱ्या आपल्या जवानांना लोकरीचे स्वेटर पाठवा."

एवढंच! पंजाबराव हसले, मीही हसलो. बाई मात्र पायरीवर बसून पदरात तोंड घालून रडल्या, आणि मग म्हणाल्या, "थंडीच हाय ना फक्त?" लढाईच्या बातम्या ऐकलेल्या असूनही मी हाव म्हणालो.

तर मामा, मोटच आधी दुरुस्त करायची, बॅटरी नंतर, हा माझा विचार ठाम आहे.

आपला भाचा,
शेषराव

ता. क. बॅटरी घेतली. त्याच दुकानात, त्याच सकाळी. मिरचीला सध्या वच्छला आणि मी घागरीने पाणी घालतो आहोत.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण हे, की तुमच्या खामगावातून खाकी लोकर आणि सुया पाठवाव्या, आणि विणायला शिकवायला मामींना गुडघ्यासकट पाठवावं. अर्जुनचं माप विचारलं, तर सत्यभामाबाईंनी कवेत घेतल्यासारखे दोन्ही हात गोल केले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. लोकर त्या अंदाजाने घ्यावी.