पिकअप नऊ इंच वर

२६ जून १९८८
पिकअप पुन्हा रुतली. नाल्याच्या पलीकडच्या काठावर, पार पोटापर्यंत. शेवटी भाऊंनी दोन बैलजोड्या आणल्या आणि दोर बांधून ओढून काढली. थोरला भाऊ बैल हाकतोय आणि धाकटा स्टिअरिंग धरून आत बसलाय, हा देखावा अख्ख्या शिवाराने पाहिला. बैलांनीही एकदा मागे वळून पाहिलं, असं मला वाटलं.

घरी आल्यावर भाऊ एवढंच बोलले, "पोयालोंग दखूत. नही जमनं तं इकी टाकूत." म्हणजे पोळ्यापर्यंत मुदत, नाहीतर गाडी विकायची. अमळनेरचा एक गिऱ्हाईक तयारच बसलाय. भाजीपाला नेणारा माणूस, डांबरी सोडून जाणार नाही. त्याला कुठे नाला ओलांडायचाय.

भाऊंचं चुकत नाही, हेच लागतं. नाल्यापलीकडची आमची तीन एकर केळी गेल्या पावसाळ्यात झाडावरच पिकून गेली. पिकअप आत जाईना. बैलगाडीने आणलेले घड आपटून काळे पडले. दिल्लीचा ट्रक डांबरीवर वाट पाहून निघून गेला. भाऊंनी मग ती बाग उपटली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. यंदा तिथे कापूस आहे. आणि गाडी घ्यायचा हट्ट माझा होता, नेमका याच कामासाठी.

२९ जून
दिवसभर मापं घेतली. नाल्यातला मोठा दगड, बैलगाडीच्या चाकोरीची खोली, काठाचा चढ, सगळं. गाडीचं पोट जमिनीपासून नऊ इंच तरी अजून वर पाहिजे. मोठी चाकं, खोल खाचांचे टायर आणि गाडीचा भार झेलणारे खालचे पोलादी कमानपाटे बदलायचे. तिन्ही केलं तरच.

सु. हसत होती. (बायकोचं पूर्ण नाव लिहिलं की ती वही वाचते. सु. लिहिलं तरी वाचेलच म्हणा.) "पोरना फराकले बी इतला मापं लेतस नही तुम्हीन." खरं आहे. पोरीला आजवर आणलेला प्रत्येक फ्रॉक मोठा झाला.

४ जुलै, जळगाव
भंगारवाल्यांच्या गल्लीत सकाळपासून. चौथ्या दुकानात चाकं सापडली. कुठल्याशा जुन्या मोठ्या गाडीची, दणकट, भोकं बरोबर पाच. टायर अर्धे झिजलेले पण खाचा अजून बोटभर. दुकानदार म्हणाला, "हे दलदलीत चालतात." म्हटलं, आमच्या काळ्या मातीत चालवून दाखव, तिच्यापुढे दलदल काहीच नाही. बांगड्या आणि चपलांच्या दुकानांवरून चार चाकं एकेक गडगडवत नेली. लोक वाट देत होते. लग्नातसुद्धा कुणी एवढी वाट दिली नव्हती.

फार आनंद झालाय. उगाच लपवायचं कशाला.

९ जुलै, धुळे
रज्जाकमिस्त्री. हायवेवर त्यांचं कमानपाट्यांचं काम. ट्रकवाले लांबून येतात. दाढी पांढरी, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. गाडीखाली गेले ते चहा निवेपर्यंत बाहेर आले नाहीत.

"उचलतो. कमानपाटा आता अॅक्सलच्या नीचे बांधलाय, तो वर घेऊ. पाच इंच वहीं मिळतील. पाट्यात एक पान, मतलब पट्टी, जास्ती टाकतो. बाकी तुझी चाकं देतील. मगर ध्यान में रख, गाडी उंच झाली की वळणावर झुकते. जपून."

म्हटलं, चाचा, आमच्याकडे वळणच नाही, नुसता चिखल.

१२ जुलै, धुळे
तीन दिवस झाले. मिस्त्री घाई करत नाहीत. ब्रेकचा पाइप आखूड पडला, नवा टाकला. पुढची चाकं वळवली की मडगार्डला घासायची, मडगार्ड कापलं. कापताना माझ्याच अंगावर कातरी चालल्यासारखं वाटलं. मिस्त्रींनी पाहिलं आणि मला चहाला पिटाळलं.

संध्याकाळी जॅक काढला. गाडी उभी राहिली. नऊ इंच वर! दार उघडून चढायला आता पाय गुडघ्यापर्यंत उचलावा लागतो. मी तीनदा उगाचच चढलो आणि उतरलो.

१३ जुलै
अमळनेरच्या अलीकडे गाडी थरथरू लागली. दात वाजतील इतकी. परत धुळ्याला. मिस्त्री शांत. गाडी वर गेल्याने शाफ्ट तिरका बसतो, म्हणे. कमानपाट्याखाली लोखंडी पाचर ठोकली. थरथर थांबली. अर्धा दिवस गेला, पण शिकलो.

तापीच्या पुलावर एका एसटी ड्रायव्हरने गाडीला गाडी लावून विचारलं, "काय हो, गाडीच्या पायाला सूज आली का?" हसलो. त्याच्या खिडकीच्या बरोबरीने बसलो होतो मी.

सु. ने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग वरपासून खालपर्यंत आधी गाडीकडे, नंतर माझ्याकडे पाहिलं. "गाडी उंच व्हयनी. तुम्हीन तितलाच शेतस."

२० जुलै
चार दिवस पाऊस. आज उघडला, नाल्याला गुडघाभर पाणी. पहिला गिअर. तो मोठा दगड पोटाखालून निघून गेला, खरखरसुद्धा नाही. पलीकडचा काठ चढताना मागची चाकं दोनदा फिरली, मग धरलं. वर!! मी एकटाच ओरडलो. परत येऊन पुन्हा गेलो. पाच वेळा. रिकामी गाडी, कारण काही नाही.

भाऊ कापसात निंदणी करत होते. मान वर करून पाहिलं, पुन्हा खाली. पण उभं राहून पाहिलं, बसून नाही. एवढं मी धरून ठेवतो.

२ ऑगस्ट
कसं लिहू.

आज नाल्यापलीकडे नानांच्या बागेत कापणी होती. नाना आमचे शेजारी, गेल्या वर्षी नाल्यापलीकडे सगळ्यांनी केळी उपटल्यावर त्यांनी एकट्यांनीच ठेवली. मीच गावभर सांगितलं होतं की यंदा माल आतून उचलतो. गाडी थेट बागेच्या बांधावर नेली. गंगूअक्काची टोळी तयार. दहा-बारा बायका, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड.

आमच्याकडे घड कुणी हातांनी उचलून गाडीत देत नाही. बाई गाडीच्या फाळक्याला, म्हणजे बाजूच्या फळीला, येऊन डोकं टेकवते, वरचा माणूस तिच्या डोक्यावरूनच घड अलगद घेतो. जन्मापासून पाहतोय. पहिली बाई आली. फाळका तिच्या डोक्याच्या वर. नऊ इंच वर. वरच्या माणसाला घड दिसेना, तिला त्याचा हात दिसेना.

मी दगड मोजला, चिखल मोजला, चढ मोजला. बाई मोजली नाही.

हात उंचावून द्यायला लावलं. घड ओले, निसटले. दोन फाळक्यावर आपटले, एक जमिनीवर. मागचा फाळका उघडून पाहिला, एकीमागे एक रांग लागली, अर्ध्या तासात घडांच्या चारच ओळी भरल्या. मी गंगूअक्कावर ओरडलो. माझ्या आईच्या वयाची बाई. ती डोक्यावरचा घड तसाच सांभाळत शांतपणे म्हणाली, "गाडी उंच कयी बापू. आते आम्हले कोन उंच करी?"

बायका हसल्या. मी नाही. व्यापाऱ्याच्या माणसाने आपटलेला माल बाजूला काढला. बाकीचा नानांनी बैलगाडीने काढला.

३ ऑगस्ट
जेवलो नाही. भाऊंना सगळं कळलंय, गावाला कळलंय. पोळ्याला सव्वा महिना. मिस्त्रींकडे जाऊन गाडी पुन्हा खाली करायची? मग नाला? वर केली तर भरता येत नाही, खाली केली तर नेता येत नाही. डोकं फिरायची वेळ.

सु. म्हणते, आधी अक्काकडे जा. गाडीचं नंतर.

४ ऑगस्ट
गेलो. अक्का ओट्यावर तूर निवडत होती. म्हटलं, अक्का, परवा चुकलं माझं. तिने सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं. माफ केलं का ते काही सांगितलं नाही. उलट विचारलं, गाडीच्या पोटाखाली किती जागा आहे? दाखवली हाताने. तिने ओट्यावरच्या तुरीत बोटाने दोन रेघा ओढल्या.

"मंग चाकेसले दोन चर खंदूत. चाके चरमा, पोट मधला वरंबावर. गाडी खाले येई, आमना डोकालोंग."

मी चाटच पडलो. सव्वा महिना मी गाडी चिखलातून बाहेर कशी निघेल यासाठी झटलो. आणि ही बाई म्हणते, खड्डे खणून तूच तिला त्यात घाल. म्हटलं, अक्का, रुतली म्हणजे? ती म्हणाली, "रुताले नको म्हणीसन तं उंच कयी ना तू? मंग घाबरस काय?"

तिथून उठून थेट नानांकडे गेलो, बांधावर चर खणू का विचारायला.

९ ऑगस्ट
नानांच्या बांधावर दोन चर खणले. चाकाएवढे रुंद, फूटभर खोल, पुढच्या तोंडाला उतार. खणायला अक्काच्या बायकाच आल्या, मला फक्त दोरी धरायला ठेवलं. तळाशी कापसाच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या अंथरल्या. नाना म्हणाले, माझ्या बांधाची पार वाट लावली तुम्ही. पण कुदळ त्यांनीच दिली होती.

पूर्वीची गाडी असती तर मधल्या वरंब्यावर पोट टेकून डोंगरासारखी बसली असती. आता वरंबा पोटाखाली मावतो. हे माझ्या कधी डोक्यात आलं नसतं.

रिकामी गाडी घातली, काढली. निघाली. भरलेली?

१३ ऑगस्ट
भरलेली निघाली!!!

सकाळपासून कापणी. गाडी चरात. अक्का पहिली आली, फाळक्याला डोकं टेकवलं, वरच्याने घड घेतला. आवाजसुद्धा झाला नाही. दोन्ही बाजूंनी बायका, मध्ये केळीची पानं, थरावर थर. एकही घड आपटला नाही. मग मी बसलो. पहिला गिअर टाकला. मागची चाकं पऱ्हाट्यांवर करकरली, गाडी एकदा मागे सरली, मग त्या खाचांनी धरलं आणि ती हळूहळू चढत वर आली. नाला. दगड. काठ. डांबरी. दिल्लीचा ट्रक उभाच होता.

व्यापाऱ्याच्या माणसाने घड उलटेपालटे करून पाहिले. डाग शोधत होता. मिळाला नाही. मला एवढं बरं वाटलं की ट्रकच्या ड्रायव्हरला मिठी मारली, त्याला का ते कळलं नाही.

२४ ऑगस्ट
आतापर्यंत चार बागा, नानांची आणि शेजारच्या गावांतल्या तीन. चर कुठे खणायचे ते अक्का ठरवते. गाडी आता माझी की तिची, असं सु. विचारते. आज मागून टक्-टक् आवाज आला. उजव्या कमानपाट्याच्या वरच्या पानाला बारीक चीर दिसते. की ओरखडा आहे? मन खात राहिलं.

२९ ऑगस्ट, धुळे
मिस्त्रींनी चीर नखाने पाहिली. पान बदललं. म्हणाले, चरातून भरलेली गाडी काढणं म्हणजे कमानपाट्याला दर वेळी कुस्ती. "ये बारिश निकल जाएगी. पुढच्या पावसाचं मी आज कसं सांगू?" खरा माणूस. खोटं सांगितलं असतं तर आवडलं असतं.

७ सप्टेंबर
अमळनेरचा गिऱ्हाईक पोळ्याच्या आधीच हजर. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकाला लाथ मारली. मला राग आला. उंच आहे म्हणाला, पण करून घेऊ खाली. भाऊंनी त्याला चहा दिला, कापसाच्या गप्पा मारल्या. शेवटी म्हणाले, पोया व्हऊ दे. हो नाही आणि नाहीही नाही. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा. त्यांच्या तोंडावरून कधी काही कळलंय का कुणाला, की आज कळेल.

८ सप्टेंबर
सकाळी भाऊ आपणहून गाडीजवळ आले. म्हणाले, नाल्यापलीकडे चल. गाडी घेतल्यापासून ते पहिल्यांदाच तीत बसले. चढताना पाय पुरेना, मी हात दिला. त्यांनी घेतला. नाल्यात त्यांनी डॅशबोर्ड घट्ट धरला होता, मी पाहिलं नाही असं दाखवलं.

आमच्या तीन एकरात उतरलो. कापूस बरा आहे. भाऊ बांधाने शेवटपर्यंत गेले, परत आले. जिथे बाग उपटली तिथे टाचेने माती उकरली, हातात घेऊन चुरगळली. मग नाल्याकडे बघतच म्हणाले,

"येता मिरगले आठे परत केयी लावूत का?"

मृगात लावलेली केळी कापायला येते ती त्याच्या पुढच्या पावसात. म्हणजे गाडी निदान अजून दोन पावसाळे या घरात पाहिजे. आणि दोन पावसाळे तिने भरल्या मालाने चरातून वर आलं पाहिजे. हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण गेल्या साली त्यांनी एकेक खुंट कसा उपटला ते मी पाहिलंय. पुन्हा त्यांना तसं करायला लागलं तर...

म्हटलं, भाऊ, कमानपाट्याचं धुळ्याला मिस्त्रींना विचारून सांगतो.

भाऊ हात झटकत माझ्याकडे वळले. "तेले काय इचारस? मी तुले इचारी ऱ्हायनू."

एवढ्या वर्षांत भाऊंनी मला शेतीतलं काही विचारलं नव्हतं. सांगितलंय पुष्कळ. गाडीखाली वाकून पान्याने नट कसायला लागलो, कसायचं काही नव्हतं. ते बांधावर बसले, घाई केली नाही. घरी आल्यापासून मी वही उघडून बसलोय, उत्तर अजून दिलेलं नाही.