मामाजींना सांगायचं कुणी

२२ जानेवारी, बुधवार. वरठी

नाही सांगितलं. आजही नाही!

दिवसभर करडीला सासरी होतो. चंद्रकुमारनं वडिलांसमोर, म्हणजे मामाजींसमोर, ओसरीवर बसून चहा प्यायला, धानाच्या भावावर बोलला, शेजाऱ्याच्या म्हशीवर बोलला. नोकरीचं नाव नाही. (समोर ‘अहो’, इथं नाव. इथं कोण ऐकतंय.) परत येताना मोटरसायकलवर मागून विचारलं, तर म्हणे, “ट्रिपमदी सांगतो ना. समुद्र पाहून मन मोकळं होते मानसाचं.”

कोणाचं होतं, बाबा? तुझे वडील नागपूरला गेले तरी संध्याकाळच्या गाडीनं परत येतात.

ओडिशात समुद्राजवळ नवा कारखाना निघाला आहे. सुपरवायझरची जागा, राहायला क्वार्टर. ३१ तारखेपर्यंत हो की नाही कळवायचं. इथं वरठीत ठेकेदाराकडे कायम होण्याची वाट पाहून केस पांढरे झाले त्याचे. पण एकुलता एक मुलगा. मामाजी ‘नाही’ म्हणाले की हा जाणार नाही, हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे. मामाजींना वाटतंय आपण तिकडे नुसते फिरायला चाललो आहोत.

२४ जानेवारी

पहाटे निघालो. शेजारच्या भोजराज भाऊजींची गाडी मागून आणली. पुढे मामाजी, मागे मी, सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि मध्ये आमची त्रिशा. रायपूर गेलं. चंद्रकुमार दोनदा खाकरला. मला वाटलं, आता बोलतो. पाणी मागितलं!

२५ जानेवारी

पोचलो. रात्र झाली. समुद्र नुसता ऐकू येतो. मामाजी म्हणाले, “मिल चालून राहिली का जी इथं?”

२६ जानेवारी, रविवार

सकाळी खाडीत बोटीनं फिरलो. दोन्ही बाजूंना चिखलात रुतलेली झाडं, त्यांची मुळं वर आलेली. आणि मगरी! मी आधी ओंडका समजले, ओंडक्यानं डोळा उघडला. त्रिशानं पाण्याकडे हात नेला तसा नावाडी एवढ्यांदा ओरडला की मी तिला ओढून मांडीवरच घेतलं. घोरपड दिसली, निळे-तपकिरी खंड्या पक्षी दिसले, काठावर हरणं. मामाजींचं प्रत्येकाला एकच उत्तर: “आपल्याकडं बी हाय.” मगरीलासुद्धा! वैनगंगेत त्यांच्या आज्यानं पाहिली होती म्हणे.

करडीच्या तलावाचं तुडूम उघडून कोणाच्या शेताला आधी पाणी सोडायचं, ते मामाजी सांगतात. त्यामुळे जगातल्या सगळ्या पाण्यावर आपलाच शब्द चालतो असं त्यांना वाटतं.

आत्याबाई आज ऊन वर येईपर्यंत झोपल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं पहिल्यांदा पाहिलं. मीच घाबरून, ताप आहे का म्हणून त्यांच्या कपाळाला हात लावून आले.

चंद्रकुमारला म्हटलं, आज सांगा. “आज झंडावंदनाचा दिवस हाय, उद्या सांगतो.” झेंड्याचा आणि ह्याचा काय संबंध!

२७ जानेवारी

लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

किनाऱ्याकिनाऱ्यानं गाडी घेऊन दुसऱ्या गावाला गेलो. रस्ता असा नाहीच. एकीकडे सुरूची झाडं, एकीकडे वाळू, मैल मैल माणूस नाही. तिथं पोचलो तर समुद्रच नव्हता! नुसती ओली सपाट जमीन, नजर पोचेपर्यंत. चहावाला मोडक्या हिंदीत म्हणाला, रोज दोनदा जातो, दोनदा येतो. मामाजी हसले. “पानी काय ड्युटीवर जाते का?”

आमच्याकडे उन्हाळ्यात तलाव उतरला की उघड्या पडलेल्या जमिनीत लोक डांगरं-काकड्या लावतात. उतरलेलं पाणी पावसाळ्याशिवाय परत येत नाही. मामाजींना हे जन्मापासून माहीत. त्यांनी वाकून मूठभर गाळ घेतला, चोळून पाहिला. “एवढी जमीन, अना पडून हाय!” मग त्रिशाला लाल खेकडे दाखवतो म्हणून आत घेऊन गेले.

मी बघायला हवं होतं. मी भांडत होते. चंद्रकुमारला कंपनीचा फोन आला, हा “कळवतो सर, कळवतो सर” करत होता. फोन ठेवला तशी मी तोंड सोडलं. कधी सांगणार? एकतीसला रात्री? तो म्हणाला, “तुले काय, तुले बापाले तोडाचं नाही हाय.” मी काहीतरी वाईट बोलले. ते लिहीत नाही.

तेवढ्यात सुकी मासोळी विकणारी बाई उठून ओरडायला लागली. भाषा कळेना. ती समुद्राकडे नाही, बाजूला बोट दाखवत होती. पाहिलं तर आमच्या आणि त्या दोघांच्या मध्ये पाणी! समोरून नाही, बाजूच्या घळीतून आलेलं. ना लाट, ना आवाज. मघाशी जिथं खेकडे पळत होते तिथं नदी झाली होती.

चंद्रकुमार धावला. गुडघाभर, मग कमरेभर. पडला, उठला, त्या दोघांपाशी पोचला. पलीकडे मामाजी त्रिशाला खांद्यावर घेऊन उभे. पुढे येईनात, मागे जाईनात. मी हाका मारत होते की नुसती किंचाळत होते, आठवत नाही. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं होतं, त्याचे वळ आहेत. शेवटी दोन मासेमार लांबून वळसा घालून गेले आणि उथळ वाटेनं तिघांना घेऊन आले.

त्रिशा हसत होती. तिला वाटलं, आजोबा खेळत आहेत.

मामाजींची एक चप्पल गेली. ते गाडीला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, “कोन्या बाजूनं येऊन राहिलं तेच समजेना मले.” एवढंच. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला त्यांचा राग आला होता तो तिथंच विरघळला.

संध्याकाळी मात्र: “हे जागा मानसाची नाही. उद्या सकाळी निघू.”

झालं! आता तर कोणत्या तोंडानं सांगणार?

अंधार पडला तरी आत्याबाई बाहेर वाळूवर बसलेल्या. आत चला म्हटलं. “जाय तू,” म्हणाल्या.

२८ जानेवारी

मीच सांगितलं.

चहा पिताना. “मामाजी, यायले इथंच नोकरी लागली जी. क्वार्टर बी देऊन राहिले. आमाले इथं राहाले याचं हाय.” चंद्रकुमारचा कप हातातच राहिला. मामाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलाकडे पाहिलं.

“तुले तोंड नाही का?”

मग उठून गाडीत जाऊन बसले. मागच्या सीटवर.

२९ जानेवारी

काल आणि आज, अख्खा रस्ता, शब्द नाही. ढाब्यावर जेवले नाहीत. त्रिशानं विचारलं, “आजोबा, कट्टी का?” तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. रात्री करडीला पोचलो.

३० जानेवारी. करडी

मामाजी पहाटेच तलावाच्या पाळीवर गेले, दुपारी आले. जेवले, पुन्हा गेले. चंद्रकुमारनं कंपनीला नकाराचा मेसेज लिहून ठेवला आहे, मला दाखवला. पाठवला नाही अजून. मी बोलून बसले तेवढं पुरे.

मला जायचं आहे. इथं तरी स्पष्ट लिहिते. त्या पाण्याची भीती वाटते तरी जायचं आहे. आणि मामाजींना असं एकटं पाळीवर बसलेलं बघवतही नाही. दोन्ही खरं आहे. काय करू?

३१ जानेवारी

सकाळी चंद्रकुमार मामाजींसमोर बसला. “नाही म्हनून कळवून देतो, बाबा.” मामाजींनी मान हलवली.

आत्याबाई धुतलेल्या लुगड्यांची बादली घेऊन आतून आल्या. “हो म्हनून कळव,” म्हणाल्या. “मी बी येतो तुमच्यासंगं.”

मामाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, “अना भात कोन रांधन?”

“शिकाल,” म्हणाल्या, आणि लुगडी वाळत घालायला अंगणात गेल्या.