चुलीतली राख

हिवरवाडी (आष्टीजवळ), ता. परतूर
२० मार्च १९९४

चि. सत्यशीलास भिवादादाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुझी शाळा, मस्तगडातली नवी खोली, जावईबापूंचा खोकला, सगळं सविस्तर कळव. पत्राला कारण आई.

पाऊस पडेपर्यंत उघड्यावर काही पेटवायचं नाही, असा पंचायतीनं नियम केला आहे. बांधावरचं गवत नाही, कापसाच्या पऱ्हाट्या नाही, अंगणातली चूलसुद्धा नाही. दवंडी झाली होती. तरी आईने मागच्या आठवड्यात एका सकाळी गायरानावरच्या आपल्या घरापुढं चूल पेटवली. पत्र्याखाली उकडतं म्हणे. उपसरपंच बद्रीनाथराव आले आणि भाकर निखाऱ्याला शेकायला लावलेली असतानाच त्यांनी चुलीत घागरभर पाणी ओतलं. नेमकी त्याच दुपारी गायरानाला आग लागली. वनीकरणाची रोपं गेली, गोजरबाईच्या कडब्याची गंजी गेली. आईने मागाहून पुन्हा चूल पेटवली आणि तिची ठिणगी उडाली, असं पंचनाम्यात लिहिलं आहे. गायरानावरचं घर म्हणजे सरकारी जागा, म्हणून आता तिला ते सोडावं लागेल. तहसीलचे साहेब चौकशीला येणार आहेत. तिने कबूल करून अंगठा द्यावा आणि माझ्याकडे राहायला यावं, हे तू तिला पटवून सांग. माझी नळाचं पाणी सोडायची नोकरी पंचायतीचीच आहे आणि अजून कच्ची आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

आणखी एक. रोज पहाटे चूल सारवणारी आपली आई, पण त्या दिवसापासून तिने चुलीला हात लावलेला नाही. ज्यानं पाणी ओतलं त्यानंच राख काढावी, म्हणते. घरात स्टोव्हवर शिजवते आणि बाहेर तो चिखल तसाच वाळतो आहे. येणाऱ्याजाणाऱ्यापुढं लाज वाटते. मीच एक दिवस काढून टाकीन म्हणतो.

भाच्यांना गोड पापा. दादावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा भिवा


मस्तगड, जालना
२७ मार्च १९९४

ती. दादास सत्यशीलाचा जय भीम. वि. वि.

पत्र पोचलं. खुशाली लिहायला बसले आणि हात अडला. मला तुझी किळस आली, दादा. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

काल गोजरबाई दवाखान्याच्या कामाने आल्या होत्या. चहाला थांबल्या. बद्रीनाथरावांनी त्या दुपारी, वारं सुटलेलं असताना, गायरानाला लागून असलेला आपलाच बांध पेटवून घेतला, असं त्या म्हणाल्या. सकाळी आईच्या भाकरीवर पाणी आणि दुपारी स्वतःच्या बांधाला काडी! तू तिथंच उभा होतास, म्हणे. आणि पंचनाम्यावर साक्षीदाराची पहिली सही तुझी आहे, एवढंच तुझ्या पत्रात लिहायचं राहिलं का? साहेबांपुढं बोलाल का, म्हणून गोजरबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, रावांच्याच शेतात रोजाने जाते, कसं बोलू बाई. त्यांचा मला राग आला नाही. त्या परक्या. तू तिच्या पोटचा.

नियम चांगलाच आहे. मीही वर्गात तेच शिकवते. पण नियम चुलीला आणि सूट बांधाला, हा कुठला न्याय?

चुलीला हात लावू नकोस, एवढं तरी ऐक. हे पत्र आईला वाचून दाखव, एकही ओळ न गाळता. अंगठा देऊ नको म्हणावं.

लोभ ठेव असं आज लिहवत नाही. वहिनींवर माझा आहे, तो त्यांना सांग.

सत्यशीला


हिवरवाडी
१० एप्रिल १९९४

चि. सत्यशीलास आईचा जय भीम अन आशीर्वाद.

मी बोलून राह्यले अन भिवा लिहून राह्यला. मुद्दाम त्यालाच बसवलंय. एक शब्द खाल्ला तर दुसऱ्याकडून वाचून घेईन, असं बजावलंय.

तुझं पत्र यानं दडवून ठेवल्तं. पोस्टमन बोलला म्हणून कळलं, मंग मी मागून घेतलं. सारं याच्याकडूनच वाचून घेतलं.

परवा साहेब आल्ते. संग बद्रीनाथराव अन निम्मं गाव. राव म्हणले, आमची पाठ फिरली का या बाईनं जल्दी चूल पेटवली. साहेब म्हणले, बाई, तुम्ही बोला. मी म्हणलं, मी काय बोलू, चूलच बघा. साहेब खाली बसले, काडीनं टोकरलं. काडी मोडली. मंग हातानं ढेप उपसली, बिलकुल विटेवानी. तिच्यात माझी भाकर निघाली, अर्धी कच्ची, पांढरी. साहेब म्हणले, परत जाळ झाला असता तर हिचा कोळसा झाला असता. मंग त्यांनी साक्षीदार कोण, म्हणून विचारलं. सारे भिवाकडं बघून राह्यले. हा मान खाली घालून म्हणला, पेटलेली चूल मी पाह्यली न्हाई. बांधाचं मात्र बोलला न्हाई.

घर राह्यलं. रावाला कुणी काही म्हणलं न्हाई. जाताना तो माझ्या अंगणात थुकून गेला.

सांजच्याला भिवा जेवायला आला अन म्हणला, आई, आता तरी चूल सारव. मी म्हणलं, पाणी ओतणारा तर यायचा न्हाई, मंग सही करणाऱ्यानं राख काढावी. त्यानं काढली. मंग मी सारवली, पण पेटवली न्हाई. पावसापर्यंत नियम हाये, तो मी पाळून राह्यले.

सारं गाव यानं सोडलेलं पाणी पितंय. लेक हाये, माया कुठं जाती. पण याच्या हातचं पाणी अजून माझ्या घशाखाली उतरत न्हाई. हे बी लिव्ह म्हणलं, यानं लिव्हलं.

लेकरांना घेऊन ये, बाई. आईला इसरू नको. अंगठा साहेबाच्या कागदावर दिला न्हाई, तुझ्या कागदावर देऊन राह्यले.

चांगुणाबाई (अंगठा)
लिहिणार : भिवा