अण्णांचं राज्य आणि माझा मॅक

प्रिय भावजी,

वहिनीचा सप्रेम नमस्कार. (तुम्ही वयानं लहान, तेव्हा खरं तर आशीर्वाद द्यायचा, पण मागच्या पत्रात आशीर्वाद दिला आणि तुमची बढती हुकली, म्हणून या खेपेला नमस्कारावर भागवते.) तुमची पाठ कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की व्यायामाचे व्हिडिओ आडवे पडून बघता? जाऊबाईंना मी विचारलंय म्हणून सांगा. इकडे सगळं क्षेम आहे. तुमचे बंधू चष्म्याच्या दुकानात सुखरूप आहेत, मी घरात अजून शुद्धीवर आहे आणि अण्णा, म्हणजे तुमचे तीर्थरूप, सत्तेवर आहेत. फोन असताना वहिनीला पत्राचं खूळ कुठून सुचलं, म्हणाल. अहो, हॉलमधून फोन केला की अण्णा ऐकतात, स्वयंपाकघरातून केला की त्यांना नेमकी तहान लागते, आणि गच्चीवर गेले की कपडे वाळले का ते बघायला वर येतात. (एरवी गुडघे दुखतात!) कागदावर काही लिहीत बसले की मात्र त्यांना वाटतं, मी गिऱ्हाइकाचा मजकूर उतरवून घेतेय.

मूळ दुखणं तुम्हाला अर्धंमुर्धं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. अण्णांचा जुना कॉम्प्युटर वारला. कागदाच्या कंपनीचं गोदाम सोडल्यापासून ते त्या विंडोजवरच्या एकाच खेळात राज्य करत होते, हे काय तुम्हाला सांगायला हवं? गाव वसवायचं, रस्ते बांधायचे, कोठारं भरायची, सैन्य उभारायचं आणि शेजारच्या राजाला जेरीस आणायचं. दुरुस्तीवाल्यानं पेटी उघडली, आत फुंकर मारली, सगळी धूळ स्वतःच्याच डोळ्यांत घेतली आणि यात आता काही राम नाही असं जाहीर केलं. खेळ इतका जुना, की नवीन कॉम्प्युटर आणला तरी त्यावर तो उभा राहायचा नाही, असंही त्यानंच सांगितलं. म्हणजे त्या खेळाला चालेल असा जुना विंडोजवाला आता खानदानात एकच उरला, तुमच्या मागच्या खोलीतला. हे अण्णांनी ऐकलं मात्र, दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून दाराशी. महिनाअखेरीला धाकट्याकडे जातो म्हणाले, कायमचा. तुमचे बंधू म्हणाले, जाऊ दे, हवापालट होईल. मी काहीच म्हणाले नाही, कारण मी तेव्हा बॅगेला अडखळून पडले होते.

आता राज्य गेलेला राजा काय करतो? हाताला लागेल त्यावर राज्य करतो. अण्णांनी आमचं घर घेतलं. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला आणि किल्ली त्यांच्या खिशात. (डब्याला कुलूप कसं लावतात, हे मला या वयात कळलं.) रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन घरात बटाटे किती, साबण किती, विचारतात, आणि मला आकडा सांगता आला नाही की गोदामातल्या हमालाकडे बघावं तसं बघतात. तुमच्या बंधूंना रात्री दुकानातून येताना मोहिमेवर पाठवतात, आणि ते कांदे विसरून आले तर पराभूत सेनापतीसारखं दारातच उभं करतात. कळस म्हणजे शेजारच्या दातांच्या डॉक्टरांशी त्यांनी परस्पर तह केला. त्यांची गाडी आमच्या जागेत लागणार, आणि बदल्यात त्यांची शिडी आम्हाला हवी तेव्हा मिळणार. अहो, पण आमच्याकडे स्वतःची शिडी आहे की! तुमचे बंधू आता स्कूटर कोपऱ्यावर लावून चालत येतात. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली, तेव्हा मी पदर खोचला आणि म्हटलं, माझ्या मॅकवर चालवून दाखवते तुमचा खेळ. बोलून बसले आणि फसले.

तुम्हाला माहीतच आहे, हा मॅक माझ्या पोटापाण्याचा कॉम्प्युटर. त्यावर मी खोकल्याच्या औषधांची, मुरंब्याच्या बरण्यांची, फरशी पुसायच्या द्रावणाची लेबलं करते. त्याला विंडोजच्या खेळाची भाषा कळत नाही. मग एक मध्यस्थ सॉफ्टवेअर असतं, ते दोघांच्या मधे बसतं. खेळ जे मागेल ते मॅकला मॅकच्या भाषेत सांगायचं, मॅक जे देईल ते खेळाला विंडोजनं दिलंय असं भासवायचं. मला हे चटकन समजलं, कारण या घरात तेच काम मी लग्न झाल्यापासून करते. अण्णा म्हणतात, त्या गाढवाला विचार विजेचं बिल भरलं का. मी तुमच्या बंधूंना सांगते, अण्णा तुमची आठवण काढत होते, आणि हो, बिलाचं बघा. ते म्हणतात, म्हाताऱ्याला दुसरं काम नाही. मी अण्णांना सांगते, उद्या भरतो म्हणाले. एवढ्यावर दोन पुरुषांचा संसार सुरळीत चालतो, मग एक खेळ चालायला काय हरकत आहे?

त्या मध्यस्थाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाला तारे दिलेत. आमच्या खेळाला चांगले चार! खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की आवाज येत नाही, मधेच बंद पडतो, बाकी अनुभव उत्तम. म्हणजे भाड्याच्या खोलीला हवेशीर म्हणावं आणि खिडकीला काच नसावी, त्यातली गत. शिवाय तिथे जाणकारांची एक चावडी आहे. सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. कोणी आपली अडचण लिहिली की पहिला म्हणतो, माझ्याकडे व्यवस्थित चालतं. दुसरा म्हणतो, हाच प्रश्न पूर्वी विचारला गेलाय, शोधा. तिसरा म्हणतो, हा खेळ मुळातच वाईट आहे, दुसरा खेळा. मग ते तिघं आपसात भांडतात आणि विचारणारा बिचारा दाराबाहेर चपला सांभाळत उभा.

पहिलं घोडं खेळाच्या तबकडीशी, म्हणजे सीडीशी अडलं, कारण माझ्या मॅकला तबकडी घालायला फटच नाही. ती बाहेरून जोडायची पेटी निघाली दातांच्या डॉक्टरांकडे. (अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की शिडीबद्दल बोललेलं मी तिथल्या तिथे गिळलं.) दुसरं घोडं अडलं करारनाम्याशी. आपण सगळे काय करतो? न वाचता मान्य आहे म्हणतो आणि पुढे जातो. अण्णांनी जन्मात माल मोजल्याशिवाय पावतीवर सही केली नाही. खुर्ची ओढून ते मॅकपुढे बसले आणि करारनामा पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. कंपनी कशालाही जबाबदार राहणार नाही, हे कलम आलं आणि ते थबकले. मान्य नाही, म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, मान्य केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मग ही संमती कसली, ही तर धमकी झाली, म्हणाले, आणि उठून गेले. आता यात चुकीचं काय ते तुम्हीच सांगा. शेवटी ते आंघोळीला गेले तेव्हा मी राजद्रोह केला आणि बटण दाबलं.

खेळ सुरू झाला, पण रंग गेले. आपलं सैन्य निळं, शत्रूचं लाल, अशी पूर्वीची व्यवस्था. आता दोन्ही हिरवी. अण्णा नेटानं खेळले आणि बराच वेळ शत्रूच्या सैन्याला जेवू घालत होते. लक्षात आल्यावर म्हणाले, पोटभर जेवलेत, आता लढायचे नाहीत. लढले! त्यातून माझा माऊस गुळगुळीत, वर उजवं बटण दिसतच नाही. आणि त्या खेळात उजवं बटण दाबल्याशिवाय शिपाई जागचा हलत नाही. सगळं सैन्य उभ्या उभ्या कापलं गेलं. या सगळ्याचा फोटो काढून मी चावडीवर पाठवायला निघाले. सोबत लिहिलं, की थोड्या वेळानं सगळे हिरवे पडतात आणि मग एकेक करून आडवे होतात, काय करावं? आणि पाठवलं कुठे, तर खोकल्याच्या औषधवाल्याला! त्याला त्याच्या नव्या लेबलाचा नमुना हवा होता. त्याचा फोन आला तेव्हा तो माणूस रडवेला झाला होता. किती जणांनी घेतलं, एवढंच विचारत होता. मी समजूत काढायला गेले आणि नेमकं म्हटलं, अहो, ते शिपाई आहेत. मग तर त्यानं फोनच ठेवला. ते काम गेल्यात जमा आहे. तुमच्या बंधूंना सांगू नका. त्यांना वाटतं ते लेबल अजून मंजुरीला आहे.

रंगांचं पुढे जमलं. उजव्या बटणाचा माऊस आणला. आता खेळ झक्क चालतो, कोठार भरेपर्यंत. पहिलं कोठार काठोकाठ भरलं, की सगळं जागच्या जागी बंद. राज्य नाही, शिपाई नाही, काळी पाटी. चावडीवर विचारलं तर उत्तर आलं, कोठार भरू नका. मी ते अण्णांना सांगितलं. ते काही रागावले नाहीत हो, तेच मला लागलं. एवढंच म्हणाले, आयुष्यभर गोदाम भरलेलं ठेवलं आणि आता रिकामं ठेवून राज्य करू? असू दे, धाकट्याकडे चालतो ना खेळ. तेव्हापासून रोज माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसतात, खेळाचं नाव काढत नाहीत, आणि मी करत असलेल्या लेबलाकडे बघून अक्षरं बारीक आहेत, म्हातारी माणसं औषध घेणार कशी, असं विचारत राहतात.

तर असं आहे. तुमच्या बंधूंनी तिकीट काढायचं ठरवलंय. तुम्ही त्यांना खुशाल न्या, खेळवा, साखर सांभाळा. साबण मोजून ठेवा. इथे मी पाय पसरून बसेन आणि कुणालाही काहीही मोजून दाखवणार नाही. जाऊबाईंना धीर द्या.

तुमची,
वहिनी

ता. क. वरचा सगळा मजकूर खरा आहे. आता काम सांगते. अण्णांना फोन करा आणि सांगा, की तुमचाही जुना कॉम्प्युटर बिघडला. कसा बिघडला ते तुमच्यावर सोडते, पण पटेलसं सांगा. साधं बंद पडला म्हटलंत तर ते दुरुस्तीवाल्याला घेऊन तुमच्याकडे येतील. अहो, दिवसभर घरात आम्ही दोघंच असतो. तुमचे बंधू रात्री येतात, बातम्या बघत जेवतात आणि झोपतात. अण्णा गेले तर मी भांडू कुणाशी? मला मुळीच करमणार नाही. हे त्यांना सांगायचं नाही, डोक्यावर बसतील. कोठाराचं काहीतरी करतेच मी, नाहीतर त्या चावडीवरच्या एकेकाला घरी बोलावून अण्णांसमोर बसवते.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करत होते तेवढ्यात अण्णा आले. एवढं लांब काय आणि कुणाला लिहितेस, म्हणाले. माझी पाचावर धारण बसली. सुचेल ते बोलले, म्हटलं, भावजींना कळवतेय, अण्णांसाठी खोली तयार ठेवा म्हणून. त्यांनी पाकिटाचं वजन हातावर तोलून बघितलं. मग म्हणाले, त्याला लिही, खोलीला आधी रंग दे म्हणावं. दारापर्यंत गेले आणि परत वळून म्हणाले, आणि हेही लिही, रंग नीट वाळायला वेळ लागतो, घाई करू नको.